एकाच बोटानं

समोरच्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या आधी साउ-क्वानचा कप भरला, आणि तिचा हात मांडीवरून वर आलाच नाही. चहा कपात पडला, दहातले सात भाग भरला, किटलीची चोच वर झाली, तरी हात आपला पर्सचा बंद धरून मांडीवरच. ग्वांगचौच्या चहाघरात सकाळी साडेसहाला असं कुणी करत नाही. आपल्या कपात कुणी चहा ओतला की बोटं टेबलावर वाजतात. तोंडात घास असो, गप्पा रंगात आलेल्या असोत, नाहीतर ओतणाऱ्याशीच भांडण जुंपलेलं असो, बोटं वाजतात. "आभारी आहे हं," साउ-क्वान तोंडानं म्हणाली आणि ते तिच्याच कानाला बँकेतल्या बाईच्या बोलण्यासारखं वाटलं. म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हात दुखतो का गं, पोरी?"

"नाही, काका."

"मग हाँगकाँगची असशील. तिकडं म्हणे सगळंच महाग. बोटंसुद्धा जपून वापरत असाल."

साउ-क्वान हसली. सत्तावन्नाव्या वर्षी 'पोरी' म्हणणारी माणसं कमीच उरतात, त्यामुळे टोमणासुद्धा गोड लागला. म्हाताऱ्याचं नाव चोय. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला होता. हे त्यानं न विचारताच सांगितलं, आणि मुलगा शेन्झेनला असतो, सून बरी आहे पण चहा पातळ करते, हेही सांगून टाकलं. साउ-क्वान माना डोलवत राहिली. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. खोलीच्या त्या टोकाला वाफेच्या टोपल्यांचे मनोरे उचलून बायका फिरत होत्या, आणि त्या बायकांत, चार वर्षांपूर्वी रोज त्यांच्या टेबलावर चहाचं पाणी ओतणारी हाप आहे का, हे ती आल्यापासून चोरट्या नजरेनं शोधत होती. हाप दिसली नव्हती. म्हातारी झाली असेल, घरी बसली असेल, असं मनाशी ठरल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता. तिला इथं यायचंच नव्हतं. दर तीन महिन्यांनी ती हाँगकाँगहून बटणं घ्यायला ग्वांगचौला येई, स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरे, सकाळी पाव खाऊन बाजार गाठे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गावाच्या या जुन्या भागाकडे चार वर्षांत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. आज मात्र पहाटेपासून दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. या दिवसांत इथं भिंतींनाच घाम येतो. हॉटेलच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरत होते, चादर ओली, आरसा आंधळा. श्वास कोंडल्यासारखा झाला म्हणून ती चालायला बाहेर पडली होती. चालताना पायांना कुणी विचारत नाही कुठं निघालात म्हणून. चहाघराच्या दाराशी शटर उघडायची वाट बघत पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या उभ्या होत्या. शटर वर गेलं तशी ती सगळी ज्या हक्कानं आत घुसली, त्या रेट्यात साउ-क्वानही आत आली. रिकामं टेबल नव्हतं, म्हणून या म्हाताऱ्याच्या टेबलावर येऊन बसली. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला इथं कुणाची परवानगी लागत नाही.

किती बोटं आणि कशी, हे तिला बाबांनी शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, बोटांवर चॉपस्टिक मारून शिकवलं होतं. ती सात वर्षांची असेल. आजोबांनी प्रेमानं तिच्या कपात चहा ओतला आणि तिनं, मोठी माणसं करतात तसं, ऐटीत एक बोट टेबलावर वाजवलं. फटका बसला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. बाबांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, पाची बोटं आत वळवून मूठ केली आणि ती मूठ टेबलावर तीनदा हलकेच आपटली. "मोठ्यांनी ओतला तर पाच. अख्खं अंग वाकतंय असं समज. बरोबरीच्यानं ओतला तर दोन. आणि आपल्यापेक्षा लहानानं ओतला तर एक, नुसतं एक. माणसाला आपली जागा कळली पाहिजे, आ-क्वान." बाबा पर्ल नदीवरच्या फेरीबोटीवर खलाशी होते. दोरखंड टाकायचे आणि ओढून घ्यायचे, एवढंच काम, तीस वर्षं. घरात फार बोलायचे नाहीत. 'छान झालंय', 'बरं केलंस' असले शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. साउ-क्वान मोठी झाली आणि त्यांच्या कपात तीच चहा ओतायला लागली, तेव्हा त्यांचं एक बोट टेबलावर वाजायचं. टक, टक. कौतुक म्हणा, आभार म्हणा, आशीर्वाद म्हणा, सगळं त्या एका बोटात. तिला ते पुरायचं. खरं तर पुरायचं नाही, पण त्याहून जास्त मागायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

"काय खाणार? नुसत्या चहावर बसलीस तर इथली बाई हाकलून देईल," चोय काका म्हणाले. त्यांच्यापुढं कोळंबीच्या पारदर्शक करंज्यांची एक टोपली होती आणि त्यातली एक त्यांनी परस्पर तिच्या वाटीत ठेवलीही होती. साउ-क्वाननं टेबलावरच्या कार्डावर खूण केली आणि खूण करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं चा-लेउंग मागवलं आहे. बाबांचं चा-लेउंग. तळून कुरकुरीत केलेली पिठाची लांब कांडी आणि तिच्याभोवती वाफवलेल्या फेणीसारखा तांदळाचा मऊ, ओलसर पापुद्रा गुंडाळलेला. वरून गोडसर सोया आणि तीळ. बाबा सकाळी किटलीभर चहाबरोबर हेच खायचे, हे आणि गोमांसाचे दोन वाफवलेले गोळे. यात बदल नाही. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली तेव्हा त्यांना कांडी चावता येईना. साउ-क्वाननं हाँगकाँगचं दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि पाच महिने इथं येऊन राहिली. रोज सकाळी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत या चहाघरात आणायची. पापुद्रा अलगद सोडवून, कात्रीनं कापून त्यांना भरवायची आणि आतली कांडी स्वतः खायची. पाच महिने एकाच पदार्थाचं बाहेरचं त्यांनी खाल्लं आणि आतलं तिनं. आता टोपली पुढ्यात आली तेव्हा तिनं नकळत चॉपस्टिकनं पापुद्रा बाजूला काढायला घेतला. मग थांबली आणि पूर्ण तुकडा तोंडात टाकला. आधी मऊ, मग दाताखाली कुर्रर्र. दोन्ही एकत्र इतकं चांगलं लागतं हे ती विसरून गेली होती. तिनं चहाचा एक मोठा घोट घेतला.

ते पाच महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात थकवणारे होते आणि तिनं ते कुणालाही दिले नसते. बाबांची भाषा गेली होती. म्हणजे पूर्ण नाही, पण शब्द त्यांना सापडत नसत. पाण्याला होडी म्हणत, खुर्चीला रविवार म्हणत. कधी एखादा शब्द नेमका हाती लागे, मग त्यांचा वाकडा चेहरा उजळायचा. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला असे. डाव्या हातात जीव होता, पण तोही धड नव्हता. तरुणपणी दोरखंडात सापडून त्याची शेवटची दोन बोटं कायमची ताठ झाली होती. तरी साउ-क्वाननं चहा ओतला की डाव्या हाताचं पहिलं बोट उठायचं आणि टेबलावर वाजायचं. टक, टक. सगळं गेलं तरी ते एक बोट शाबूत होतं, आणि त्या एका बोटाच्या भरवशावर ती पाच महिने उभी होती. बाबा मला ओळखतात, तोवर ठीक आहे. मग शेवटी शेवटी ते झोपेत 'आई, आई' म्हणायला लागले. साउ-क्वान उशाशी बसून ऐकायची आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची.

आणि मग ती सकाळ. तिनं चहा ओतला. बाबांनी डावा हात टेबलावर ठेवला, पण बोट उठलं नाही. त्यांनी मूठ वळली. मोठ्या कष्टानं, दातओठ खाऊन पाची बोटं आत घेतली, आणि ती मूठ टेबलावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. लहान पोर आजोबांपुढे करतं तसं. आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. हे मला आपली आई समजतायत. झालं, गेलो आपण यांच्या डोक्यातून, एवढंच तिला सुचलं. आणि भीती वाटली की तिला राग येतो, तो तिच्या घराण्याचाच गुण. "बाबा! मी साउ-क्वान. तुमची मुलगी. एक बोट, बाबा, एक!" ती जरा मोठ्यानंच ओरडली. आणि त्यांची मूठ उघडून, पहिलं बोट सरळ करून, तिनं स्वतः ते टेबलावर वाजवलं. टक, टक. अंगणवाडीतल्या पोराला शिकवावं तसं. बाबांनी करू दिलं. दोन दिवसांनी पहाटे त्यांना दुसरा झटका आला आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर साउ-क्वाननं कानाला खडा लावला. चहाघर नाही. लग्नकार्यात, मित्रमंडळीत कुणी चहा ओतला तर तोंडानं आभार. टेबलावर बोट वाजवायला गेलं की तिला आपल्या हातात धरलेलं ते म्हातारं बोट आठवे. आपला बाप आपल्याला न ओळखता गेला, आणि जाताना आपण त्याच्यावर चारचौघांत खेकसलो. चार वर्षं हे तिच्याबरोबर बटणांच्या पेट्यांसारखं इकडून तिकडे जात होतं.

"कुठं उलथली होतीस गं तू?"

साउ-क्वाननं दचकून वर पाहिलं. हाप उभी होती. केस पांढरेशुभ्र, कंबर रुंदावलेली, हातात उकळत्या पाण्याची तीच जड किटली. म्हातारी झाली होती, पण घरी बसली नव्हती.

"हाप ताई..."

"ताई-बिई नको. चार वर्षं! मेली की जिवंत आहे, माणसानं समजायचं कसं? खुर्चीतला बाप घेऊन रोज यायचीस, माझ्याकडून फुकटची कात्री मागून घ्यायचीस, आणि एक दिवस दोघंही गायब. मला शेवटी औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं. असं करतात का?"

"चुकलं माझं."

"चुकलंच." हापनं किटली टेबलावर आपटली. चोय काकांनी घाईघाईनं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. आणि मग हापचा आवाज एकदम खाली आला. "तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझा पत्ता नाही, फोन नाही. मी म्हटलं येईल कधीतरी. त्यांना काय म्हणायचं होतं, ते कळलं का गं तुला शेवटी?"

"कुणाला? काय?"

"तुझ्या बापाला, माक काकांना. ती मूठ!" हापनं स्वतःचा हात पुढं करून पाची बोटं वळवून दाखवली. "तू रोज त्यांचं वर्तमानपत्र आणायला कोपऱ्यावर जायचीस ना? तू दारातून दिसेनाशी झालीस की हे मला खुणेनं बोलवायचे. दीड महिना, पोरी. रोज. डाव्या हाताची ती दोन मेली बोटं वळायची नाहीत. मी दाबून धरायची, ते दातओठ खायचे, घाम फुटायचा. मला आधी वाटलं डॉक्टरनं व्यायाम दिलाय. मग एक दिवस मूठ जरा झाली, तर ती टेबलावर आपटली तीनदा. मी म्हटलं, हे काय भलतंच? कुणाला करणार आहात हे? तुमच्याहून मोठं आता राहिलंय कोण? तर बराच वेळ शब्द शोधला, आणि म्हणाले, 'आ-क्वान'."

साउ-क्वानला आपल्या हातातला कप गरम लागायचा थांबला.

"मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, काका, मोठ्यानं धाकट्यापुढं वाकलं तर धाकट्याचं आयुष्य घटतं. असं करायचं नसतं, पोरीला बाधेल. तर मान हलवायला लागले. एक बोट वर केलं. 'एकदाच,' म्हणाले. 'एकदाच.' आता यावर काय बोलणार मी?"

त्या दोन बोटांचं साउ-क्वानच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या क्षणी ते पहिल्यांदा आलं. ती दोन बोटं पन्नास वर्षं वाकली नव्हती. त्या हातानं तिला शाळेत सोडलं होतं, त्याच हातानं बोटीच्या कठड्यावरून तिला नदी दाखवली होती. रस्ता ओलांडताना तिच्या मुठीत कायम दोन ताठ काड्या असायच्या, म्हणून गर्दीतसुद्धा तो हात ओळखू यायचा. त्या सकाळी मुठीत पाची बोटं होती, आणि तिनं ती मोजली, पण पाहिली नाहीत. वेडा माणूस चुकून मूठ वळेल, पण चुकूनसुद्धा ही मूठ वळली नसती. तिनं ती आपल्या हातानं उघडली होती.

"मी रागावले त्यांच्यावर, हाप ताई," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "मला वाटलं मला ओळखत नाहीत. मी ओरडले. मूठ सोडवली. एक बोट, एक बोट म्हणून..."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी आत होते, भाताच्या पुड्या उतरवत. त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू पेपर आणायला गेलीस, मी आले विचारायला, जमलं का म्हणून. तर हसतायत! ते वाकडं तोंड, लाळ गळतेय, आणि खांदे हलेपर्यंत हसतायत. 'रागावली,' म्हणाले. 'एक बोट, म्हणाली.' आणि मग कितीतरी वेळ काहीतरी शोधत बसले. मला पलीकडून हाका मारत होते लोक, पण मी थांबले, म्हटलं सापडू दे यांना. आणि सापडलं. 'चोख शिकलीय,' म्हणाले. दोनदा म्हणाले. 'चोख शिकलीय.'"

वर्तमानपत्राआड चोय काका नाक ओढत होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "वाफ फार झालीय बुवा आज. भिंतीसुद्धा बघा कशा गळतायत." भिंती खरंच गळत होत्या. फरशीवर पसरलेली जुनी वर्तमानपत्रं भिजून काळी झाली होती, आणि साउ-क्वाननंही आपल्या ओल्या चेहऱ्याचा दोष त्या हवेवर ढकलून दिला, चेहरा पुसला नाही. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी, पोटाच्या कुठल्यातरी तळातून, सात वर्षांच्या मुलीचं हसू वर येत होतं. चॉपस्टिकच्या फटक्याची तिनं त्रेपन्नाव्या वर्षी परतफेडच केली होती, आणि म्हातारा त्यावर खूश होऊन गेला होता. ओळखलं होतं त्यानं. ओळखलं म्हणूनच मूठ वळली होती. आणि ती खेकसली तेव्हा तर त्याची खात्रीच पटली असेल की ही आपलीच, दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही. आयुष्यभर जो माणूस एका बोटापलीकडे गेला नाही, त्यानं दीड महिना घाम गाळून तिच्यासाठी पाच बोटं गोळा केली होती. एवढं देणं कुणाला मिळतं? आणि ते आपल्याला मिळालं होतं, हे कळायला चार वर्षं आणि एक दमट सकाळ लागली.

हाप डोळे पुसत, पलीकडच्या गिऱ्हाइकाला "आले, आले, पाण्यात जीव देऊ का आता?" असं ओरडत निघून गेली. खिडकीजवळच्या त्यांच्या जुन्या टेबलावर एक आजी नातवाला चमच्यानं भात भरवत होती. साउ-क्वाननं तिकडे पाहिलं, आणि त्यात काही टोचलं नाही. बटणांच्या बाजारात नऊला पोचायचं होतं. नऊ वाजायला अजून वेळ होता, आणि नसता तरी ती उठली नसती. तिनं चा-लेउंगचे दोन तुकडे चोय काकांच्या वाटीत ठेवले. ते "अगं, दात कुठं राहिलेत," म्हणत म्हणत दोन्ही खाऊन मोकळे झाले. मग त्यांनी किटली उचलली आणि तिचा कप भरला.

तिची बोटं उठली. पाची आत वळली आणि मूठ टेबलावर तीनदा वाजली. चोय काकांनी समाधानानं मान हलवली.

"बरा झाला का हात?"

"बरा झाला, काका."

"चहानं होतो. सुनेच्या चहानं झाला नसता."

किटली रिकामी झाली होती. साउ-क्वाननं झाकण तिरकं करून ठेवलं. हाप येताजाता ते बघून पाणी ओतून गेली. साउ-क्वाननं तिच्याकडून आणखी एक कप मागून घेतला. तो गरम चहानं विसळून आपल्या डाव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

"कुणी यायचंय का?" चोय काकांनी विचारलं.

"नाही."

म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात तोंड घातलं. साउ-क्वाननं दोन्ही हातांनी किटली धरली आणि त्या कपात चहा ओतला, बाबांना लागायचा तसा काळा, सात भाग. किटली खाली ठेवली. हात मांडीवर घेतले. टेबलावर तीनदा मूठ वाजायला, तीही म्हाताऱ्या, आजारी, सवय नसलेल्या हाताला, जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ती कपाकडे पाहत बसून राहिली. या खेपेला तिनं मध्ये हात घातला नाही.